व्हाळाचा वाटा

एका आकड्याला काहीच सांगता येत नव्हतं, आणि मी मात्र एका बाईला सांगून बसले, की तो 'नाही' म्हणतोय.

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला. आमटीत मिठाऐवजी पापडखार घातलाय, सासूबाईंच्या मावसबहिणीला मोलकरीण समजून तिच्या पुढ्यात धुणं टाकलंय. पण ते प्रकार जेवणाच्या पंक्तीत सांगता येतात. हा एक तसा नाही. तरी आज लिहिते, आणि जमेल तेवढं हसत लिहिते, कारण जिनं तो केला ती विशीही न गाठलेली शहाणी होतीच तशी हसण्याजोगी.

वडील बेळगावात गणित शिकवायचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून सगळी हौस माझ्यावर भागवून घेतली. बाकीच्या मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी लॉगरिदमची कोष्टकं पाठ करायची. ती छापलेली मिळतात, पाठ कशाला करायची, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर 'मिरवायला' हेच होतं. लग्न झालं ते हिवतापाच्या पाहणीवर नोकरीला असलेल्या माणसाशी, आणि वर्ष फिरायच्या आत त्यांची बदली सुप्याच्या डोंगरात झाली. सुप्याला बदली म्हणजे त्या काळी शिक्षाच. ओटी भरायला आलेल्या बायकांचे चेहरे असे होते, की मी सासरी नव्हे, सती चाललेय.

सुपं आता धरणाच्या पाण्याखाली आहे. आम्ही राहात होतो ते तिथून आत, गुंदच्या बाजूला, रानात. चार घरं इकडे, पाच पलीकडे, मधे भाताचे तुकडे आणि बाकी सगळं झाड. दुपारी बाराला सुद्धा अंगणात दिवेलागणीसारखा उजेड असायचा.

ह्यांचं काम सांगायला सोपं. वाडीवाडीत जायचं, पोरांना ओळीनं उताणी निजवायचं आणि डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पांथरी, म्हणजे प्लीहा, लागते का बघायचं. ज्या पोराला वरचेवर हीव येतं त्याची पांथरी सुजते, बोटांना गोटा लागतो. वाडीतल्या किती पोरांना गोटा लागला, त्यावरून तिथे हिवाचा जोर किती ते कळायचं. जोडीला वाडीची आणखी माहिती टिपायची. व्हाळ, म्हणजे ओढा, तिथून किती लांब. वाडी किती उंचावर. गुरं किती. दाट रान किती जवळ.

मग खरं काम सुरू व्हायचं, आणि ते ह्यांना जमत नव्हतं. वरच्या डॉक्टरसाहेबांनी विलायतेहून एक नवी रीत आणली होती. एकेक कारण सुटं धरायचं नाही. सगळी कारणं एकाच समीकरणात बसवायची आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा. आताच्या पुस्तकांत त्याला गुणक म्हणतात. मी वाटाच म्हणायची. व्हाळाचा वाटा म्हणजे काय? तर बाकी सगळं आहे तसंच ठेवलं, उंची तीच, गुरं तेवढीच, रान तिथंच, आणि व्हाळ तेवढा थोडा लांब सरकवला, तर हीव कितीनं उतरेल, तो आकडा. तसंच उंचीचं, तसंच गुरांचं.

हे गुणाकाराला बसले की अर्ध्या तासात कोष्टकावर डोकं टेकवून घोरायचे. त्यामुळे पाटी माझ्याकडे आली. दुपारच्या दुपारी मी समीकरणं सोडवत बसायची. वाटे निघाले की पुढची पायरी. प्रत्येक वाट्याला त्याची एक थरथर असते. हा शब्दही माझाच. ह्याच रानातल्या दुसऱ्याच वाड्या धरून हिशेब केला असता, तर वाटा इकडेतिकडे किती हलला असता, त्याचा तो अंदाज. वाट्याला थरथरीनं भागायचं. भागाकार दोनाच्या बराच वर गेला तर वाट्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

"आणि दोनाच्या खाली राहिला तर?" मी ह्यांना विचारलं होतं.

"तर गप्प बसायचं. साहेब म्हणाले, त्यावरून काही बोलू नये. वाटा असेलही, नसेलही."

"एवढा घाम गाळून गप्प बसायचं? मग काढायचं कशाला?"

"मला काय विचारतेस? मी कुठे काढतोय?" असं म्हणून हे कुशीवर वळले.

त्या हिशेबात आणखी एक आकडा निघायचा, जो कुठल्याच कारणाचा नसायचा. व्हाळापासूनचं अंतर शून्य, उंची शून्य, गुरं शून्य, अशा वाडीत हीव किती असेल, ते तो सांगायचा. मी ह्यांना म्हटलं, "ही कुठली हो वाडी? तुम्ही पाहिलीत का?"

"अशी वाडी नसते. ती हिशेबापुरती."

"म्हणजे भुताची."

"तू गुमान गणित कर."

मला त्या भुताच्या वाडीची मोठी गंमत वाटायची. पाटीवर तिचा आकडा आला की मी शेजारी उलट्या पायांचं एक चित्र काढायची. गुंदच्या रानात, एकटी, दारं ओढून घेऊन! तेव्हा भीती कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या खालच्या अंगाला, अगदी व्हाळाला लागून, एकच घर होतं. त्या घरातल्या बाईला मी अक्का म्हणायची. माझ्याहून थोरली, पायानं एवढी हलकी की वाळल्या पानांवर चालली तरी आवाज नाही. मला रानातले कंद ओळखायला तिनं शिकवलं. त्याआधी मी एक भलताच कंद उकडून ह्यांना वाढला होता आणि दोन दिवस त्यांची जीभ तोंडात मावत नव्हती. दुपारी ती भाताला सुट्टी द्यायची आणि माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची.

"दगडावर दगूड घासून काय शिजलं गे बाय आज?"

"हीव शिजतंय, अक्का."

"शिजव, शिजव. मीठ घालू नको म्हंजे झालं, न्हाईतर ह्या मुलखातली मानसं ते बी खातील."

तिच्याबरोबर तिची मुलगी यायची. तिला सगळे बारकी म्हणायचे. ती पाटीच्या खाली डोकं घालून वर बघायची, आकडे खालून दिसतात का ते. पांथरी बघायला ह्यांनी बोटं लावली की एवढी खिदळायची, की पोट हलून ह्यांना काही लागायचंच नाही. शेवटी लागली ती सुपारीएवढी. "थोडी आहे," हे म्हणाले. त्या रानात थोडी म्हणजे बरीच बरी.

बारकीच्या आधीची अक्काची दोन हिवानं गेली होती. ते तिनं मला कधी सांगितलं नाही, वाडीनं सांगितलं. ती हाक मारायची त्यावरून मात्र मला आधीच काहीतरी कळायला हवं होतं. "बारके, जेवायला ये गे" अशी हाक मारायची, बारकी धावत आत जायची, आणि तरी अक्का दारातच उभी असायची. थोडा जास्तच वेळ. मग आत वळायची. दुसऱ्या बाईनं हे केलं असतं तर माझ्या अंगावर काटा आला असता. अक्काचं मला वाटायचं, वारा खात असेल. माझ्यासारख्या हुशार मुलीला एवढंच दिसायचं.

त्या मुलखात रीत होती. घरातली माणसं एकामागून एक हिवानं जायला लागली की ते घर सोडायचं. वासे काढून डोक्यावर घ्यायचे आणि वरच्या माळावर नवं घर बांधायचं. अक्काचा दीर असाच वर गेला होता. आता हिच्या घराचं ठरायचं होतं. पाऊस सरला होता, हिवाचे दिवस तोंडावर होते, आणि घरात उरलेलं पोर एकच. अक्काचा नवरा लाकूडतोडीला रानात जायचा, आठ-आठ दिवस यायचा नाही. तो म्हणाला, देवाला विचारू. देवाला न विचारता तिथे कोणी चूलही हलवत नसे.

ते बघायला मीही गेले. झाडांच्या आत एक पाषाण, त्याला शेंदूर. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा. त्यानं गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे पाकळ्यांकडे बघत बसलो. बारकी माझ्या मांडीवर होती. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. एक मुंगी उजवीकडच्या पाकळीवर चढली, तेव्हा सगळ्यांनी श्वास धरला. मुंगी उतरली, पाकळी तशीच.

"आता?" अक्काच्या नवऱ्यानं विचारलं.

"आता काय न्हाई," म्हातारा म्हणाला. "देव गप हाय."

"म्हंजे ऱ्हावं म्हनतो?"

"न्हाई रं बाबा. जा बी म्हनला न्हाई, ऱ्हा बी म्हनला न्हाई. पुन्ना येवा, नवं भात निघालं की."

परतताना मी अक्काच्या कानाशी लागून म्हटलं, "तुमच्या देवापेक्षा माझी पाटी बरी. विचारलं की बोलते."

अक्का हसली नाही. चालताना माझ्याकडे वळून बघत राहिली, एवढी की तिचा पाय झाडाच्या मुळात अडकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली ती उंबऱ्यावर बसली नाही, आत आली. बारकीला कडेवर घेतलं होतं, एवढी मोठी मुलगी.

"काल म्हनालीस ते खरं?"

"काय?"

"तुजी पाटी बोलती म्हनून. मग इचार तिला. व्हाळाकाठी घर हाय म्हनून हीव येतंय काय? वर जावं काय आम्ही?"

आता इथे जरा थांबते, कारण ती टवळी, म्हणजे तेव्हाची मी, त्या क्षणी कशी बसली होती ते मला अजून दिसतं. पाठ ताठ, पदर खोचलेला, चेहऱ्यावर न्यायाधीशाचा भाव. तिच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी खरा प्रश्न घेऊन आलं होतं. बाप नव्हे, नवरा नव्हे, मार्क नव्हेत. तिला पाटी बोलती करायचीच होती.

हिशेब तयार होता, फक्त थरथरीनं भागायचं राहिलं होतं. मी अक्कासमोर भागाकार केले. गुरांचा वाटा पक्का निघाला. जिथे गुरं जास्त तिथे हीव कमी. रानाचा भागाकार खाली राहिला. उंचीचा खाली. मग व्हाळाचा. व्हाळाचा वाटा तसा दिसायला चांगला मोठा होता, पण त्याची थरथर त्याहूनही मोठी. भागाकार एकाच्या सुद्धा आत.

"हं," मी म्हटलं. "व्हाळाचा काही संबंध नाही, अक्का. उंचीचाही नाही. गुरं वाढवा."

"गुरं कोन तुजा बाप देतोय?" ती सहज म्हणाली. मग म्हणाली, "व्हाळाचं न्हाई म्हनती? नीट बगितलंस?"

"गणित खोटं बोलत नाही."

"म्हंजे वर जायाचं कारन न्हाई."

"मुळीच नाही. उगाच घर मोडून कशाला हाल करून घेता?"

तिनं बारकीला खाली ठेवलं. मान खाली घातली. तिचे खांदे उतरलेले मी पाहिले, आणि माझ्या विद्येपुढे ते नमले असं मला वाटलं. जाताना तिनं माझ्या गालावर हात फिरवला. हाताला चुलीच्या राखेचा खरखरीतपणा होता.

त्याच महिन्यात हे मला एकदा बरोबर घेऊन गेले. नंदिगड्डेच्या वाटेवर आडबाजूला एक वाडी टिपायची होती. गाडी लांब सोडून आम्ही व्हाळाच्या काठानं चालत गेलो. वाडी होती, पण माणूस नव्हतं. घरांच्या भिंती मातीत बसलेल्या, वासे कोणी काढून नेलेले नव्हते, आडवे पडून कुजत होते. म्हणजे घर सोडून जायला सुद्धा कोणी उरलं नव्हतं. एका अंगणात तुळशीचं वृंदावन होतं आणि त्यात तुळस होती, हिरवीगार, गुडघ्याच्या वर वाढलेली. तिला पाणी कोण घालत होतं? पाऊसच. हे मला माहीत होतं. तरी मी पदर घट्ट ओढून घेतला.

"मग हिचं काय लिहायचं?" मी विचारलं.

"काही नाही. पोरं नाहीत, पांथरी कोणाची बघू? ही वाडी हिशेबात येत नाही."

मी म्हटलं, "अहो, हीच ती. सगळं शून्यवाली." विनोद करायला गेले. माझा आवाज भिंतींवर आपटून परत आला तो दुसऱ्याच बाईचा वाटला. आणि मग पलीकडून जात्यावर दळल्यासारखी घरघर आली. ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत कधी न धरणारा माणूस, पण तिथे कुठले चारचौघं. घरघर थांबली. "भुंगे असतील," हे म्हणाले. भुंगेच असतील. आम्ही मागे न बघता निघालो. मला त्या वाटेवर सारखं वाटत होतं, की आपण मोजली ती पोरं जगली म्हणून मोजता आली. ज्या वाड्यांना व्हाळानं पुरतं खाल्लं त्या आपल्या पाटीवर आल्याच नाहीत. पण घरी पोचेपर्यंत हा विचार मी पुसून टाकला. जमलेला हिशेब बिघडवायला कोणाला आवडतं?

त्यानंतर काही दिवसांनी वरून निरोप आला. उंची मोजायचं ह्यांचं यंत्र बिघडलेलं निघालं. उंचीची सगळी मापं रद्द, तो रकाना गाळून हिशेब पुन्हा करा. मी ह्यांच्या यंत्राला, साहेबांना आणि एकूण उंचीला शिव्या देत पाटी धुतली. उंची गाळली, बाकीचं सगळं तेच. वाटे काढले. थरथर काढली. भागले.

व्हाळाचा भागाकार दोनाच्या कितीतरी वर गेला.

मला वाटलं चुकले. पुन्हा केला. तोच आला. लेखणी हातात धरून मी बसले, आणि हळूहळू ते मला कळलं. कसं, ते माझ्याच घरातल्या गोष्टीनं सांगते. पावसाळ्यात हे रानातून आले की पिसाळलेले असायचे. कशानं? पावसानं की जळवांनी? पाऊस असला की जळवा असायच्याच. ऊन पडलं की दोन्ही नाहीत. नुसत्या पावसाचा दिवस किंवा नुसत्या जळवांचा दिवस मला कधी मिळालाच नाही. मग पावसाला विचारा, तो म्हणेल जळवांना विचारा. जळवांना विचारा, त्या म्हणतील पावसाला. दोघांनाही वेगवेगळं उभं केलं तर दोघंही सुटतात. म्हणून काय हे दोघांनी मिळून पिसाळले नव्हते?

आमच्या वाड्यांचं तेच होतं. व्हाळाजवळची वाडी ती सखल, लांबची ती उंच. दोघांची जोडी कुठेच फुटत नव्हती, म्हणून दोघांचे वाटे एकमेकांच्या आड लपून थरथरत होते. उंची बाजूला झाली तशी व्हाळाला लपायला जागा उरली नाही. आता त्याच्या वाट्यात थोडा उंचीचाही मिसळला असेल, तो कोणाचा किती हे साहेबांनी बघावं. पण अक्कानं मला ते कुठे विचारलं होतं? तिला व्हाळ लांब नेऊन घर खालीच ठेवायचं नव्हतं. माळावर जायचं म्हणजे लांब आणि उंच, दोन्ही एकदम. तिच्या प्रश्नाला माझ्या पाटीकडे उत्तर होतं, आणि मी तिला भलत्याच प्रश्नाचं दिलं. तेही नव्हतंच उत्तर. आकडा गप्प होता. पाषाणापुढच्या त्या म्हाताऱ्याला देव गप्प आहे एवढं म्हणता आलं. मी मात्र गप्प आकड्याच्या तोंडात माझं 'नाही' कोंबलं, आणि वर त्याच देवाला हसले.

पाटी तशीच टाकून मी खाली पळाले. चप्पल सुद्धा घातली नाही. व्हाळाच्या आवाजात मला माझाच श्वास ऐकू येत होता. वाटेत मी वाक्य जुळवत होते: अक्का, मी चुकले, आजच निघा, वासे मागून न्या.

दारात अक्काचा नवरा बसला होता. तो रानातून मधेच परतला, एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. आत बारकी गोधड्यांखाली होती, एकावर एक, घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या, आणि तरी त्या सगळ्या गोधड्या हलत होत्या.

ह्यांनी हिवावरचं औषध, कोयनेल, दिलं. जेवढं देता येतं तेवढं दिलं. पण त्या वर्षी हीव डोक्यात जात होतं. ती शेवटी कोणाला ओळखेना. एकदा माझ्याकडे बघून खिदळली, पोट धरून, जणू कोणी बरगडीखाली बोट लावलंय. तिच्या जवळ तेव्हा कोणी नव्हतं.

ती गेली.

त्यानंतर अक्काच्या घरी गेले, की 'बाकी सगळं आहे तसंच ठेवून' ह्या शब्दांचा अर्थ मला समोर मांडून ठेवलेला दिसायचा. मी ते शब्द किती फुशारकीनं म्हणायची! चूल तीच. कोंबडीची तीच टोपली. दोरीवर तोच परकर, कारण तो काढायला कोणी हात लावला नव्हता. नवरा तोच, बायको तीच, व्हाळ तिथेच. फक्त एकच गोष्ट बदललेली. पाटीवर जे करायला मला दुपारभर घाम गाळावा लागायचा, ते त्या घरात कोणीतरी एका झटक्यात करून ठेवलं होतं. आणि दिवेलागणीला अक्का दारात येऊन उभी राहायची. हाक मारायची नाही. नुसती उभी राहायची, जेवायला तीन पोरं आत यायला लागेल तेवढा वेळ.

मी पाटी सोडली, असं खोटं सांगणार नाही. हिशेब पुरा केला, साहेबांनी ह्यांची पाठ थोपटली, आणि ह्यांनी घरी येऊन माझी. पण भुताच्या वाडीचा आकडा आला की आता मी तिथे चित्र काढत नव्हते. आकड्यावर हात ठेवून पुढे सरकायची. आजही, हातात चष्मा आणि डोळ्यांत मोतीबिंदू असताना, दुपारी डोळा लागला की मी त्या वाडीत असते. तुळस हिरवी असते. कोणीतरी दळत असतं. मला माहीत असतं की आपण मोजायला आलोय, आणि मोजायला कोणी पुढे येत नाही.

अक्काला मी लगेच काही सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. वाडीत कोणीही मला बोल लावला नाही, आणि ते मला बोल लावण्याहून जड गेलं. आमची बदली आली तेव्हा मात्र राहवेना. गाडीत सामान चढत होतं, आणि मी खाली गेले. ती अंगण सारवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आकडा गप्प होता, मी त्याला बोलता केला. नंतर तो बोलला, तेव्हा उशीर झाला होता. मी तुम्हाला 'राहा' म्हटलं नसतं तर बारकी आज माळावर असती. हे सगळं रडत, एका दमात. ती थरथर, ते वाटे, जळवा सुद्धा. आता आठवलं की लाज वाटते, की त्या बाईच्या अंगणात उभं राहून मी तिला तिच्या लेकीच्या मरणाचं गणित समजावून देत होते.

तिचा हात शेणात फिरत होता, तो थांबला नाही. कोपऱ्यापर्यंत सारवून झालं, तेव्हा ती टाचांवर बसली, मनगटानं केस मागे सारले आणि माझ्याकडे न बघता परड्याकडे, घराच्या मागच्या फणसाखाली बघत बोलली. तिचे शब्द मी आहेत तसे लिहिते.

"तू सांगितलंस म्हनून राहिले न्हाई गे बाय मी. जायाचंच असतं तर देव 'न्हाई' म्हनला असता तरी गेले असते. माजी दोन तितं फणसाखाली निजल्याती, त्यांस्नी टाकून वर कशी जाऊ? दीर, वाडी, समदी 'जा, जा' म्हनत हुती. मला कोन तरी 'ऱ्हा' म्हननारं पायजे हुतं, म्हनून तुज्याकडं आले. आता तीन झाली. आता मला कोनाला इचारायचं बी न्हाई."